आता तिकडून बोला

‘झालं बोलून? आता तिकडून बोला,’ असं म्हणत भाऊ मांडीवरचा पालथा हात उताणा करायचे. समोरचा भांडायला आलेला असो की सल्ला मागायला, त्याला विरुद्ध माणसाची बाजू मांडून दाखवावी लागे. ती नीट मांडता आली नाही, की ते म्हणत, ‘मग तुमचं म्हणणं अजून तपासलेलं नाही, राव.’

असे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील. पण आमचे भाऊ हे कंपनीत शिकले होते. भोसरीत आमच्या भाड्याच्या खोल्या एकाच ओळीत होत्या, कंपनीही एकच. ते इन्स्पेक्शनला होते. जॉबचं, म्हणजे मशीनवर घडवलेल्या भागाचं, भोक बरोबर पडलंय का, हे बघायला त्यांच्याकडे दोन तोंडांचं गेज असे. एक तोंड भोकात सहज गेलं पाहिजे, दुसरं अजिबात जाता कामा नये. ‘लोक जाणारं तोंड लावतात आणि खूश होतात,’ ते सांगत. ‘अहो, भोक ढिलं झालं तरी ते जाणारच की. खरं काय ते न जाणारं तोंड सांगतं.’

एकदा मी तक्रार घेऊन गेलो. आमच्या हिला शिलाई मशीन हवं होतं आणि मला तो नसता खर्च वाटत होता. भाऊंनी हात उताणा केला. मीही पेटलो. दिवसभर एका खोलीत बसून बाईमाणसानं करायचं काय, हातात कला असून ती वाया का घालवायची, असं बरंच बोललो. थांबलो तेव्हा ही दारात हंडा घेऊन उभी. ‘इतकं कळतं, तर मग अडलंय कुठं?’ म्हणाली. मशीन अजून घरात आहे. माझं मूळ म्हणणं काय होतं, ते मात्र आता मलाही नीट आठवत नाही.

‘फार जोरात नाही म्हणणाऱ्याच्या आत हो बसलेलं असतं,’ हेही त्यांचंच वाक्य.

बायको वारल्यापासून घरात ते आणि त्यांची मुलगी सुनंदा, दोघंच. तिचा नागपूरला नर्सिंगच्या शिक्षणाला नंबर लागला. रविवारी विहारात सगळ्यांनी कौतुक केलं. भाऊ घरी आले आणि म्हणाले, ‘जायचं नाही.’

आम्ही शेजारी पेढे मागायला गेलो होतो, ते तसेच बसलो. भाऊंचा आवाज चढला होता. एवढ्या लांब कशाला, पुण्यात काय दवाखाने नाहीत, आजारी पडलीस तर कोण आहे तिथं, तिथलं ऊन तुला सोसेल का.

सुनंदानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘बाबा, झालं बोलून? आता माझ्याकडून बोला.’

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. हात मांडीवर पालथाच राहिला.

‘बोला की भाऊ,’ मी म्हणालो, ‘आम्हाला बरे सोडत नाही.’

‘नाही बोलणार.’

‘का?’

‘बोललो तर पटेल मला.’

सुनंदा उठली आणि स्टोव्हला पंप मारू लागली. दोन दिवसांनी भाऊ पिंपरी कॅम्पातून पत्र्याची ट्रंक घेऊन आले. ती कुणासाठी, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तिला सोडायला पुण्याला एसटी स्टँडवर मीही गेलो होतो. गाडी सुरू झाली तसे भाऊ खिडकीला धरून चालायला लागले.

‘करमलं नाही तर लगेच निघून ये.’

‘बरं.’

‘आणि करमलं तर सारखी येत बसू नको.’

‘बरं, बाबा.’

परतीच्या बसमध्ये भाऊ आधी चढले. खिडकीशी बसले आणि सुनंदा बरोबर असली की धरत, तशी शेजारची जागा पिशवी ठेवून अडवून धरली. कुणी विचारलं की म्हणत, ‘येतंय माणूस.’ मी भोसरीपर्यंत उभाच आलो.