फोरमनचा रविवार

फोरमनना कुणी ‘छान’ म्हटलेलं खपत नसे. मला हे पहिल्याच रविवारी कळलं. नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही नाशिकहून कोल्हापुरात आलो होतो, सामानाची खोकी अजून उघडायची होती, आणि दारात खालच्या मजल्यावरचे एक उंच, टकले गृहस्थ हातात मोठं पातेलं घेऊन उभे राहिले. "पावणं, सांजच्याला वर गच्चीवर जेवायला यायचं," एवढं बोलून ते जिना चढून गेले. हे आमंत्रण होतं की हुकूम ते कळेना, पण आम्ही गेलो. पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावून मी आईच्या वळणाप्रमाणे म्हटलं, "छान झालंय हं काका." त्यांनी पळी खाली ठेवली. "छान म्हंजे काय? मीठ कमी हाय का जास्त हाय, तेवढं सांगा की." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भाकरीत तोंड खुपसून बसला होता.

एका सूतगिरणीत ते फोरमन होते आणि निवृत्त झाल्यावरही सगळी पेठ त्यांना फोरमनच म्हणे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी बेळगावला दिलेली. असा एकटा माणूस घरात पेपर वाचत बसेल असं आपल्याला वाटतं. फोरमन आठवडाभर रविवारची तयारी करत. शनिवारी रात्री प्रत्येक दारात जाऊन विचारत, "उद्या काय आणायचं?" कुणाच्या बीपीच्या गोळ्या, कुणाच्या मिक्सरचं भांडं दुरुस्तीला, शिलाईकाम करणाऱ्या शमीमचाचींच्या मशिनचा पट्टा, आमच्याकडचा तुटक्या पट्ट्याचा चप्पलजोड. कुणी संकोचलं की म्हणत, "गिरणी सुटली, शिफ्ट न्हाय सुटली." हे काही परोपकार म्हणून वगैरे नव्हतं. त्यांना हिंडायला आवडायचं आणि हिंडायला कारण लागायचं.

नव्या माणसाला शहर दाखवायचं म्हणून एकदा त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवून नेलं. आधी गंगावेशीला म्हशीच्या धारेचं दूध. फेसाळलेला ग्लास हातात देऊन माझ्याकडे असे बघत राहिले की नाही म्हणायची सोयच नव्हती. मग मटणाची रांग. चाचींना चालेल अशाच दुकानातून मटण घ्यायचं हा त्यांचा शिरस्ता, आणि त्या दुकानासमोर निम्मं कोल्हापूर पिशव्या घेऊन उभं. रांगेत फोरमनचा दरबार भरे. कुणाच्या मुलाचं लग्न कुठे अडलंय, कुणाच्या उसाला तोड मिळाली नाही, सगळं तिथेच कळायचं. त्यानंतर लक्ष्मीपुरीत नारळ. प्रत्येक नारळ कानाशी हलवून बघायचा आणि दुकानदाराशी भांडायचं. दुकानदारही तितक्याच जोरात भांडे, शेवटी दोघं चहा पीत. मला ते भांडण खरं वाटलं होतं आणि मी स्कूटरजवळ जाऊन उभी राहिले होते. परतताना मिसळ. तर्री वाढून घेत ते म्हणाले, "ताई, घाम आला न्हाय तर पैसं परत मागायचं." मला घाम, अश्रू आणि उचकी असं तिन्ही आलं.

दुपारी झोप काढून ते गच्चीवर चूल मांडत. गॅसवर रस्सा करणं त्यांना कमीपणाचं वाटे. चाची वाटण वाटायला येत, वरच्या मजल्यावरचे खोतमामा नुसतेच खुर्ची टाकून बसत आणि सूचना देत. मटण शिजलं की त्याचं पाणी दोन पातेल्यांत जायचं, एकात नारळाचं दूध, एकात घरची कांदा-लसूण चटणी. आणि मग फोरमनचा तो ठरलेला कार्यक्रम. पंगत बसण्याआधी प्रत्येकाला पळीभर रस्सा द्यायचा आणि समोर उभं राहून विचारायचं, "मीठ? तिखट?" खोतमामा म्हणत, "पाणी हाय नुसतं. गिरणीतल्या टाकीतनं आणलंस काय लेका?" चाची म्हणत, "भाऊ, मीठ लागतंय अजून." फोरमनच्या चेहऱ्यावर समाधान पसरे, चिमूट पडे, पुन्हा फेरी. वर्षभरात मीसुद्धा तयार झाले. "काका, आलं जास्त पडलंय," असं मी पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्यांनी सगळ्या गच्चीला ऐकू जाईल असं सांगितलं, "बाई सुधारली." नाशिकला फोन करून मी हे आईला सांगितलं, तिला त्यातलं कौतुक कळलं नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचे सासू-सासरे प्रथमच जेवायला आले. फोरमन सकाळपासून फुलले होते. दाढी, इस्त्रीचा शर्ट, दोन किलो जास्तीचं मटण. मटण शिजवताना त्यांनी मीठ घातलंच होतं. तेवढ्यात खाली गाडी थांबली, ते स्वागताला धावले, आणि परत आल्यावर त्या गडबडीत दोन्ही पातेल्यांत पुन्हा तेवढंच मीठ टाकलं. पहिली पळी तोंडात जाताच माझी जीभ आखडली. फोरमन समोर उभे होतेच. "मीठ?" त्यांनी विचारलं. शेजारी व्याही बसलेले, विहीणबाई पदर सावरून बसलेल्या. मुलीच्या सासरच्या माणसांसमोर बापाचा पाणउतारा कोण करणार? मी "छान" म्हटलं. चाची म्हणाल्या, "झकास, भाऊ." आणि जन्मात कधी कुणाला बरं न म्हटलेले खोतमामा मान डोलवत म्हणाले, "एक नंबर." पाहुण्यांनी तांब्यावर तांबे पाणी पिऊन ताटं संपवली.

पाहुणे गेले. फोरमन भांड्यांपाशी बसले आणि म्हणाले, "खोत एक नंबर म्हणाला, तवाच वळखलं. काय घोटाळा झाला?" शेवटी चाचींनी सांगितलं. फोरमननी दोन्ही पातेली गच्चीच्या मोरीत ओतली आणि खाली जाऊन दार लावून घेतलं. पुढच्या शनिवारी ते कुणाच्या दारात आले नाहीत. रविवारी चूल पेटली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आमची इमारत एवढी शांत मी कधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, मला ती शांतता सहन होईना.

मी, चाची आणि खोतमामा त्यांच्याकडे गेलो. ते पलंगावर बसून केळं खात होते. मी म्हटलं, "काका, एवढ्याशा मिठानं काय होतं? कुणाचीही चूक होते." ते म्हणाले, "चूक न्हवं ती. मला चवच न्हाय. ताई, तुमी हितं यायच्या आदी करोनाचा ताप आला, तवाच गेली, वासासकट. परत आलीच न्हाय." केळं, भाकरी, दूध, मिसळ, त्यांना सगळं सारखंच लागत होतं. इतके रविवार त्यांनी नुसत्या हाताच्या अंदाजानं रस्सा केला होता, आणि उरलेलं आमच्या बोलण्यावरून. "तरीच म्हटलं, आधी ह्यो कुणाला इचारत न्हवता," खोतमामा पुटपुटले. चाचींच्या डोळ्यांत पाणी आलं. "पावन्यांच्या म्होरं कसं बोलणार भाऊ? तुमची इज्जत जात हुती." फोरमन म्हणाले, "इज्जत गेली असती तर रागावलो असतो, दोन दिसांत इसरलो असतो. तुमी गप बसला. आता मी कुणाच्या जिभंवर रांधायचं?"

खोतमामाच उठले, कोपऱ्यातलं पातेलं त्यांनी बगलेत मारलं आणि म्हणाले, "माझ्या. चल वर. आन इथनं म्होरं तुझा व्याही काय, कलेक्टर आला तरी तोंडावर बोलणार." फोरमन पाच मिनिटं हटून बसले आणि मग पायांत चपला सरकवल्या. त्यानंतरचे रविवार मला सर्वांत प्रिय आहेत. आता चुलीपाशी दर वेळी एकजण ठाण मांडून बसे. फोरमन ढवळत, आम्ही चाखत आणि सांगत. ज्या माणसाला स्वतःला काहीच लागत नाही तो दुसऱ्याला खाऊ घालण्यासाठी इतका जीव टाकतो, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. मी त्यांना एकदा विचारलंही. "माझं पोट कशानंबी भरतंय," ते म्हणाले, "तुमचं कशानंबी भरू ने."

दिवाळीनंतर त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी मीठ पूर्ण बंद केलं. फोरमनना त्याचं हसू आलं. "मला काय फरक पडतोय," म्हणून त्यांनी सोय लावली. मटण बिनमिठाचं शिजवायचं, आपल्यापुरता रस्सा छोट्या पातेल्यात आधीच काढून ठेवायचा आणि मग आमच्या पातेल्यांत मीठ घालायचं. दोन-तीन रविवार तसं झालं. ते थोडे बाजूला, आपलं छोटं पातेलं घेऊन बसत. जेवताना सारखं लक्ष आमच्या ताटांकडे.

एका रविवारी त्यांना जिना चढताना दम लागला. खोतमामांनी हात दिला, तोही त्यांनी मुकाट्यानं घेतला. रस्सा झाला, सगळं चाखून झालं, पंगत बसली. फोरमन वाढायला मोठ्या पातेल्याकडे वळले, तेवढ्यात खोतमामांनी आपली वाटी त्या छोट्या पातेल्यापुढे धरली. "त्यात मीठ न्हाय," फोरमन म्हणाले. "ठावं हाय मला. वाढ." फोरमनना वाटलं, थट्टा चाललीय. तर चाचींनीही तिथेच वाटी धरली, मग माझ्या नवऱ्यानं, मग मी. "अवं, गिळवणार न्हाय तुमाला," ते चिडून म्हणाले. खोतमामांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "लई वंगाळ हाय. आजून घाल."

फोरमननी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि छोट्या पातेल्यातला सगळा रस्सा आम्हाला वाटला. त्यांच्यासाठी थेंब उरला नाही, म्हणून आम्ही आमच्याच वाट्यांतून थोडा थोडा परत त्यांच्या ताटात ओतला. तो त्यांचा शेवटचा रविवार होता. हे त्या दिवशी आम्हाला ठाऊक असतं, तरी याहून वेगळं काही आम्ही केलं नसतं.