चंद्रीच्या जागेवरची खोली

मी पुण्याला निघाले त्या सकाळी आमची बकरी चंद्री व्यायला आली होती, म्हणून आई मला सोडायला स्टेशनवर आली नाही. दुर्ग स्टेशनला जाणारी ऑटो दारात उभी होती. बाबा बॅग धरून "चाल ना बाई, चाल" करत होते, आणि आई मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली गुडघे टेकून बसली होती. पिल्लू बाहेर आलं ते निपचितच. आईने पदराने त्याचं नाकतोंड पुसलं, नाकात फुंकर घातली, पुन्हा घातली. ते हललं नाही. मी पाया पडले तेव्हा तिचे हात माखलेले होते, म्हणून तिने आपलं कपाळच माझ्या डोक्याला टेकवलं.

"जाय. गाडी का तुयासाठी थांबन?"

भिलाईतल्या आमच्या मरोदा वस्तीतून बाहेर पडलेल्या आम्हा सगळ्यांजवळ असा एखादा निरोप असेल. जे तिथंच राहिले, त्यांच्याजवळ त्याच सकाळची दुसरी बाजू असेल. ती कधी विचारायचं धाडस मला झालं नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आजोबा भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोपवून भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला आले, बाबाही तिथंच लागले. मी काय शिकायला चालले आहे, ते घरी सांगता सांगता माझी त्रेधा उडायची. माणूस, जनावर आणि भोवतालची हवा-पाणी यांचं आरोग्य एकमेकांत गुंतलेलं असतं, एकाचं बिघडलं की दुसऱ्यापर्यंत पोचतं, असं काहीतरी मी सांगायची. शेजारची चाची हसली, "मतलब डॉक्टरनी, मगर बिना सुई की!" बाबा मात्र ऐटीत म्हणाले, "मानसाची बी हाय अन् बकरीची बी. टू इन वन."

भिलाईत आम्ही मराठी होतो. पुण्यात माझं बोलणं ऐकून होस्टेलच्या मुली विचारायच्या, "तू हिंदी आहेस का?" 'मले' तोंडातून निसटलं की मी वाक्यच मोडून दुसरं सुरू करायची. वर्गात शंका विचारायची तर आधी मनात जुळवायची, आणि जुळेपर्यंत तास संपायचा.

हिवाळ्यात आईला ताप येऊ लागला. फोनवर म्हणायची, "येते अन् जाते. संध्याकाळी अंग फुटते, मंग घामानं सारं लुगडं भिजते." दवाखान्यातून गोळ्या आणल्या की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. कंबर धरून उठायची. बाबा म्हणत, वय झालं. ती पन्नाशीचीसुद्धा नव्हती.

एका दुपारी मॅडम ब्रुसेलोसिस नावाचा आजार शिकवायला लागल्या. बकऱ्यांचे गाभ पडतात, पिल्लं मेलेली जन्मतात. कच्चं दूध पिणाऱ्याला, व्यायच्या वेळी उघड्या हातांनी मदत करणाऱ्याला त्यांच्याकडून हा आजार लागतो. माणसात येऊन-जाऊन ताप, घाम, सांधे धरणं. मी लिहायची थांबले. तास संपताच बाहेर येऊन फोन लावला.

"आई, चंद्रीनंतर अजून कोनाचं पिल्लू गेलं का?"

"सोनीचं बी गाभ पडलं. तुले कोनं सांगतलं?"

सुट्टीत घरी गेले. आईचं रक्त तपासून घेतलं, पशुवैद्यांना बोलावून बकऱ्यांचंही. आमच्या दोनच बकऱ्या होत्या, चंद्री आणि सोनी. आजार तिघींत निघाला. आईला औषध होतं. पशुवैद्य म्हणाले, बकऱ्या ठेवता येणार नाहीत आणि विकायच्या तर मुळीच नाहीत. इंजेक्शन देऊन खोल पुराव्या लागतील.

आईने मला विचारलं, "मायाच्यानं त्यायले झालं, का त्यायच्यानं मले?"

"त्यायच्यानं तुले."

"मंग त्यायले कोनाच्यानं?"

गाभ धरायला आणलेल्या बोकडाकडून असेल, असं मी म्हटलं. मला नक्की माहीत नव्हतं.

गल्लीतले लोक बाबांना म्हणत होते, "बाजारात नेऊन टाक, कोनाले काय समजते?" बाबांचं मन वळायला लागलं होतं. आई चुलीपाशी बसूनच म्हणाली, "जिच्या घरी ह्या जातीन, ते बाई बी हात लावनच ना? विकू नका."

पशुवैद्य यायचे होते त्या दिवशी आईने बोरीचा पाला धुतला. पाल्यावर प्लांटची तांबडी धूळ बसते, ती निघाल्याशिवाय आई तो बकऱ्यांपुढे टाकत नसे. मी रबरी मोजे पुढे केले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली.

"आता चंद्रीले हात लावाले मले मोजे पायजे?"

"हो, आई."

ती फेकून देईल असं वाटलं होतं. तिने घातले. बोटं नीट बसेनात, मीच एकेक ओढून बसवली. ती पाला घेऊन जवळ गेली तर चंद्रीने तिचा हात हुंगला आणि मागे सरकली.

"मीच हावो वो," आई म्हणाली. "मीच."

चंद्री खूप वेळाने खायला लागली. आईने मोजे शेवटपर्यंत काढले नाहीत. तिने माझ्याशी भांडण केलं असतं, तर बरं झालं असतं. ती माझं ऐकत होती.

आईचा ताप गेला. औषध बरेच आठवडे चाललं, पण आता ती सरळ उठते. मी हे शिकायला गेले नसते तर ती अंथरुणाला खिळली असती, हे मला कळतं. कळूनही सकाळी तिचा फोन येतो तेव्हा मी आधी घड्याळ पाहते. ती बकऱ्यांच्या पाल्याची वेळ असते. तिला काही बोलायचं नसतं. "काय करून राहिली?" एवढंच विचारते.

पुढच्या सुट्टीत गेले तर बाबांनी शेडच्या भिंती विटांनी चढवून घेतल्या होत्या. चुना मारला होता, दार लावलं होतं, आत टेबल आणि बल्ब होता. "हे तुयी खोली," बाबा म्हणाले. मी लहानपणापासून स्वयंपाकघरात जमिनीवर बसून अभ्यास केला होता. मला रडू आलं, आणि बाबांना वाटलं आनंदाने.

आता कोणी घर म्हटलं की मला ती खोली दिसते. मी आत पुस्तक उघडून बसलेली असते. आई चहा घेऊन येते आणि उंबरठ्याबाहेर थांबते. मी म्हणते, आत ये ना. ती म्हणते, "राहू दे, तू वाच." आणि बाहेरूनच हात लांबवून कप माझ्यापर्यंत पोचवते.