शेजारची मिनी गेली

मंडळी, आज सकाळी इथे जपानात, सेंदाईत आमच्या शेजारची हिरवी मिनी गाडी ट्रकवर चढून गेली. तेव्हापासून लॅबमध्ये माझं लक्ष नाही.

गाडी सातोसान आजींच्या यजमानांची. रविवारी ते ती पुसायचे आणि मी कुंपणाशी उभा राहून तिच्या गोष्टी ऐकायचो. इंग्लंडात पेट्रोलची टंचाई होती तेव्हा जन्मलेली ही गाडी. इंजिन आडवं बसवलंय, म्हणून एवढ्याशा पोटात चार माणसं मावतात. आता साहेबाच्या देशात तिला फारसं कोणी विचारत नाही, पण इथले लोक अजून हौसेने घेतात.

ते वारल्यावर आजींनी मला विचारलं, "तुम्ही चालवाल का ही?"

मी म्हटलं, "छे छे, नको, कशाला." मनात हो होतं. पण आपल्याकडे पहिल्या खेपेला कोणी हो म्हणतं का? साध्या चहालाही नाही म्हणत. मी महिनाभर आग्रहाची वाट बघत बसलो.

आज ट्रक दिसला तसा धावत खाली गेलो. ओसाकाच्या कोणीतरी गाडी घेतली होती. न राहवून म्हणालो, "मला हवी होती हो."

आजी म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणालात. पुन्हा विचारून तुम्हाला अवघडवायचं नव्हतं." वर वाकून माझीच माफी मागितली. "यांच्या मनात तुम्हीच होतात."

इथे राहून पहिल्याच वेळी हो म्हणायला तुमच्यापैकी कोण शिकलंय? आणि काय गमावून?