तिकडची गंगा

सायखेड्यात लंकाबाईला भित्री म्हणायची कुणाची छाती होणार नाही. कांदा साठवायच्या चाळीत निघालेला नाग तिने दांडक्याने बाहेर हुसकला आहे. लिलावात तिच्या कांद्याला नावं ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला तिने भर बाजारात असं झाडलं, की तो पुढच्या वेळी तिची ट्रॉली बघूनच चहाला निघून गेला. नवरा गेल्यावर दोन एकर रान एकटीने ओढलं आणि पोराला इंजिनिअर केलं. अशी ही बाई, पण पाण्यापुढे तिची शेळी होते.

गोदावरीला या भागात कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. लंकाबाईचं घर गंगेपासून हाकेच्या अंतरावर आहे, तरी बावीस वर्षांत तिने घाटाची पायरी पाहिलेली नाही. माहेर चांदोरी, पुलाच्या पलीकडे. रिक्षा पुलावर चढली की ती पदराचा बोळा मुठीत धरून डोळे मिटते, ते पलीकडे उतरल्यावरच उघडते. जाऊ गोजराबाई एकदा हसत म्हणाली, "अवो बाई, पूल पडायचा नाय, उघडा डोळे." लंकाबाईने तिच्याशी आठ दिवस अबोला धरला.

पावसाळा लागला की धरणातून किती पाणी सोडलं त्याचे आकडे तिच्या मोबाईलवर येतात. एरवी अक्षराला अक्षर लावून वाचणारी बाई हे आकडे मात्र घडाघडा वाचते. नाशकात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं म्हटल्यावर तिच्या घशाखाली घास उतरत नाही. कमरेला लागलं म्हटल्यावर ती काठाच्या रानातल्या बायकांना हाका मारमारून वर आणते. बायका कुरकुरतात, पण येतात. कारण सोमनाथ कसा गेला ते साऱ्या गावाला ठाऊक आहे.

सोमनाथ म्हणजे तिचा नवरा; पोरगा त्याला दादा म्हणायचा. श्रावणातली दुपार होती, वरून पाणी सुटल्याची दवंडी झाली. काठावर ज्याच्या ज्याच्या पाणी उपसायच्या मोटारी, तो तो त्या काढायला धावला. सोमनाथही गेला. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मोटार सोडवत होता आणि पाणी एकदम चढलं. मोटार तिसऱ्या दिवशी जागेवरच सापडली. सोमनाथ खूप खाली सापडला. "मी म्हनलं होतं, नका जाऊ," असं लंकाबाई तेव्हा रडत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. पुढे तिने ते सांगणंही सोडलं.

आणि आता तिचा एकुलता एक संतोष पाण्यात उतरायला निघाला होता.

संतोष स्वीडनला नोकरीला. सुनेचं नाव रूपाली. दर रविवारी दुपारी चार वाजता त्याचा व्हिडिओ कॉल येतो. दोन महिन्यांपासून त्याच्या तोंडी एकच विषय होता. जुलैत सुट्टी काढायची, देशाच्या पार उत्तरेला एक मोठी नदी आहे तिच्या काठी आठ दिवस तंबू ठोकायचा आणि मासे धरायचे. नदीचं नाव त्याने तीनदा सांगितलं. ते लंकाबाईच्या जिभेवर बसेना, म्हणून तिने आपलं 'तिकडची गंगा' असं नाव ठेवलं. त्या नदीत साल्मन नावाचा मासा समुद्रातून उलटा वर चढत येतो म्हणे, आणि ग्रेलिंग नावाच्या दुसऱ्या माशाच्या पाठीवर होडीच्या शिडासारखा उभा पर असतो. संतोष फोटो दाखवायचा. लंकाबाईला मासा दिसायचाच नाही, मागचं काळं पाणी तेवढं दिसायचं.

"मंग हा मासा काठावरून धरत्यात ना?" तिने विचारलं होतं.

"नाही गं आई, पाण्यात उभं राहायचं. छातीपर्यंत रबरी पॅन्ट असते, अंग भिजत नाही."

छातीपर्यंत! त्या दिवशी तिने चहासुद्धा घेतला नाही. मारुतीच्या छातीला पाणी लागलं की निम्मं सायखेडं घरं सोडतं आणि हा पोरगा हौसेने छातीपर्यंत उतरणार!

मग तिने उपाय सुरू केले. गुडघा धरलाय, जुलैत इकडंच ये, असा निरोप धाडला. संतोषने गुडघ्याचं मलम पाठवून दिलं. रूपालीला गळ घातली, "बाई, तू तरी आवर त्याला." रूपाली लाजत म्हणाली, "आई, मीपण जाणार आहे." झालं! एकाची काळजी होती, ती दोघांची झाली. खरं काय ते सांगून टाकावं असं तिला दर रविवारी वाटायचं, आणि चार वाजले की जीभ टाळ्याला चिकटायची. सांगितल्यावर पोरगं आपलं तोंड तरी बघेल का, हीच धास्ती.

त्या रविवारी ती चाळीत सडका कांदा निवडत बसली होती. फोन वाजला. संतोष खुशीत होता. त्याने कागदावर काढलेला नकाशा फोनसमोर धरला. नदीची निळी रेघ, काठावर लाल फुली.

"हे बघ, इथं तंबू. मस्त वाळूचा पट्टा आहे, पाण्याला लागूनच."

लंकाबाईच्या हातातला कांदा तसाच राहिला. "वर धरन हाय का रं?"

"आहे, पण लांब. पाणी सोडायचं असलं की मोबाईलवर मेसेज येतो. आमचा कुंदन, नांदगावचा, तो दोनदा जाऊन आलाय. तो म्हणतो, इथं पाणी पोचायला इतका वेळ लागतो की जेवून उठलं तरी चालतं."

फोन पडू नये म्हणून लंकाबाईने तो कांद्याच्या ढिगाला टेकवला.

"संतू, मधी दुसरी नदी मिळती का?"

"कुठं मधे?"

"धरनाच्या आन तुझ्या तंबूच्या मधी. नीट बघून सांग."

संतोष नकाशावर वाकला. "मिळते एक. तंबूच्या थोडी वरच."

"तिच्यावर धरन?"

"नाही."

"तिकडं डोंगरात पाऊस झाला, बरफ वितळला, तर मेसेज येतो का?"

संतोषने नकारार्थी मान हलवली. त्याने कागद खाली ठेवला. लंकाबाईला वाटलं, आता नाही बोललं तर पोरगं त्या वाळूवर झोपायला जाणार. आपलं तोंड काळं झालं तर होऊ दे.

"तुझ्या दादांना मी थांबवलं नव्हतं," ती म्हणाली. "मी गावाला खोटं सांगितलं. दवंडी झाली तसे ते उठले होते. मीच म्हनलं, गंगापूर धरनाचं पानी दिवे लागायच्या आत आपल्याकडं येत नाय, भाकरी गरम हाय, जेवून जा. समदं गाव तोच हिशेब धरायचं. पन दारणा नदी मधी मिळती ना! तिकडं इगतपुरीला दोन दिवस पाऊस चालू होता, ती आधीच फुगली होती. मला नाय सुचलं. ते जेवले नसते तर मोटार घेऊन माघारी आले असते. मी जेवू घालून मारलं रे त्यांना."

ती रडत नव्हती. दारात कुणी उभं आहे का, एवढं मात्र तिने वळून पाहिलं.

संतोषने नकाशाची घडी घातली. मग म्हणाला, "तू त्यांना दुसरी भाकरी वाढलीस."

लंकाबाईने फोन ढिगावरून उचलला. "तुला काय ठाऊक?"

"मी शेजारच्या पाटावर होतो ना, आई. दादा पहिल्या भाकरीवरच उठत होते. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, माझं होईस्तोवर बसा. तू सगळ्यांना सांगायचीस ना, मी नका जाऊ म्हटलं होतं म्हणून. मला वाटायचं, तू मला वाचवायला खोटं बोलतेस. मी कधी विचारलं नाही. भ्यायचो."

लंकाबाईला तो हात आठवेना. नऊ वर्षांच्या पोराने बापाचा हात धरलेला, एकाच चुलीपुढे, आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं. बावीस वर्षं तिने आपली भीती एकटीची म्हणून सांभाळली, आणि तिकडे हे पोरगं आपली वेगळी घेऊन फिरत होतं.

"लेकरानं बापाला बस म्हनायचंच असतं," ती म्हणाली. "तुझा काय दोष? येडं पोरगं."

"मग तुझा तरी काय, आई?"

तिने पदराने तोंड पुसलं. जाऊ नको हे शब्द अजून ओठावर होते. पण ते म्हणावेत तर पोरगंही उद्या पुलावर डोळे मिटून बसणार.

"नकाशा धर परत," ती म्हणाली.

त्याने धरला. तिने काचेवर बोट ठेवलं.

"वाळूवर नाय. ती दुसरी नदी मिळती त्याच्या वर जा, आन चढावर, झाडाबिडाच्या मागं. पानी चढाय लागलं का रूपालीचा हात धरून आधी बाहेर निघायचं. गळ ऱ्हाऊदे, मासा ऱ्हाऊदे."

"हो."

"मेसेजची वाट बघायची नाय. जेवन मागून."

"ताट वाढलेलं असलं तरी?"

"वाढलेलं असलं तरी," ती म्हणाली.