दगडी पाला

दगडी पाला कुठंही उगवतो. रुळांच्या खडीत, भिंतीच्या फटीत. खाली केसाळ पानं आणि लांब दांडीवर एवढंसं फिकट पिवळं फूल. उन्हाळ्यात वाळला तरी मुळाशी जिवंतच. मरत नाही मेला!

आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते. बेगडेवाडी ते घोरावाडी रोज रूळ तपासत, खडी सारखी करत पायी. खडीनं पाय कापला की गँगमधले सगळे हाच पाला तळहातावर चोळायचे, रस जखमेवर पिळायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. घरीही तेच. लहानपणी माझे गुडघे कायम हिरवे. रस असा झोंबायचा की मी घर डोक्यावर घ्यायची. आबा म्हणायचे, "दुकायचं थांबलं की समजायचं, पाला लागू झाला."

रिटायर झाल्यावर त्यांना शुगर निघाली. गेल्या वर्षी चपलेतून अंगठ्याखाली खिळा घुसला, पण घरात कुणाला पत्ता नाही. गुपचूप पाला लावायचे, वर फडकं, त्यावर मोजा. वास यायला लागला तेव्हा मीच तो मोजा ओढून काढला. हिरव्या चोथ्याखाली अंगठा काळा पडला होता.

"आबा, सांगितलं का नाही?" मी किंचाळलेच.

"दुकतच नव्हतं गं. म्हटलं, पाला लागू झालाय."

दुखणार काय, कपाळ! शुगरनं पायातली जाणीवच गेली होती. तळेगावच्या डॉक्टरांनी आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखालून पाय.

त्यांना घरी आणलं त्या दिवशी मी अंगणातला सगळा दगडी पाला मुळासकट उपटला. हात सोलवटले तरी थांबले नाही, इतका राग आला होता मला त्या इवल्या फुलांचा. आबा पायरीवर बसून बघत होते.

परवा संध्याकाळी त्यांचा चहा तसाच निवत पडलेला.

"काय होतंय, आबा?"

"अंगठा लय दुकतोय."

"अहो, अंगठा कुठाय आता?" बोलून गेले आणि मलाच रडू फुटलं.

"ठावं हाय मला. पर दुकतोय." पायजम्याची रिकामी बाजू ते चाचपत राहिले. मग गँगमधल्या माणसाला विचारावं तसं सरळ म्हणाले, "आता पाला कुटं लावू, तेवढं सांग."