काळ्या पडद्याचा मेहुणा

ऑफिसात त्याला सगळे काळोबा म्हणत. माणूस गोराच होता. काळा होता तो त्याच्या कॉम्प्युटरचा पडदा. माऊस, खिडक्या, चित्रं ही पोराटोरांची खेळणी, असं त्याचं ठाम मत. लिनक्सवर नुसते हुकूम टाइप करून तो सगळा गाडा हाकायचा. हुशार होता, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मागे एकदा ताईकडे जेवताना भाऊजी सहज म्हणाले, "तुझा कॉम्प्युटर बिघडलाय, की विकत घेतानाच असा मिळाला?" एवढ्यावरून हा भरल्या ताटावरून उठला आणि पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही.

पंचाईत अशी की अंथरुणाला खिळलेले नाना, म्हणजे याचे वडील, ताईकडेच राहायचे. मग पठ्ठ्याने एक डबीएवढा कॉम्प्युटर तिकडे पाठवून दिला. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड, फक्त कॅमेरा. ऑफिसात बसून ताईकडच्या वायफायवरून डबीत शिरायचं आणि नानांना बघायचं. नाना झोपले, नाना खोकले, नानांनी कूस बदलली. राग राहिला, बापही दिसला.

परवा ताईचा फोन आला. "अरे, वायफायचा राउटर नवा आणलाय. जुना संध्याकाळी काढणार आहेत. तुझ्या डबीला नवा पासवर्ड सांगून ठेव."

"चुटकीसरशी करतो," काळोबा म्हणाला. आधी जुनं साफ करायचं, मगच नवं आणायचं, ही याची शिस्त. ऐटीत हुकूम दिला: जुनं नेटवर्क पुसून टाक. कर्सर जागच्या जागी थिजला, कारण त्या जुन्या नेटवर्कवरूनच हे महाशय आत शिरले होते. बसलेली फांदी स्वतःच तोडली! याच चुकीसाठी नवशिक्यांना त्याने आजवर यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. आता नाना दिसेनात.

तो खूप चडफडला. मग कीबोर्ड पिशवीत कोंबून निघाला.

दार भाऊजींनी उघडलं. पिशवीतून डोकावणारा कीबोर्ड बघून ते मिशीतल्या मिशीत हसले. काळोबाने तेही गिळलं. नानांच्या खोलीतल्या टीव्हीला डबी जोडली, तसा टीव्ही काळाठिक्कर पडला. आसपासची नेटवर्कं दिसली, त्यातलं नवं निवडून पासवर्ड दिला आणि डबी मुकाट जोडली गेली.

"झालं? निघालास?" मागून नानांनी विचारलं.

तो वळला. कॅमेऱ्यात ते इतके सुकलेले कधी दिसले नव्हते. नानांनी त्याचं मनगट धरलं. पकडीत काही जोरच नव्हता. काळोबाला रडू फुटलं. ते लपवायला तो पुन्हा कीबोर्डवर वाकला आणि आणखी एक हुकूम टाइप केला.

"आता हे काय केलंस?" भाऊजींनी विचारलं.

"वीज जाऊन आली की डबी आपणहून नेटवर्क पकडायची. ते बंद केलं. आता दर वेळी मलाच येऊन जोडावं लागेल."

"अरे बाबा, इथे वीज रोज जाते!"

"म्हणूनच तर," काळोबा म्हणाला.