भागीरथी भांडाराची पाटी

वॉटर पार्कमधल्या त्या चकचकीत दुकानावर पाटी होती: 'भागीरथी भांडार'. आत सगळे प्लॅस्टिकचे डायनासोर आणि नाव मात्र किराणा दुकानाचं. मला राहवेना. गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं, "ही भागीरथी कोण?"

"माझ्या सासूबाई," त्या म्हणाल्या. "इथं आमची विहीर होती. वाटसरू आला की त्या आधी गूळ द्यायच्या, मग पाणी. जमीन विकताना आमच्या ह्यांनी एवढंच मागितलं, की आईचं नाव इथं राहू द्या. आता नवे मॅनेजर पाटी बदलणार. म्हणतात, इतक्या वर्षांत कुणी विचारलं तरी का?"

"मी विचारलं की."

"एकट्या तुम्हीच, दादा." असं म्हणून त्यांनी माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला.

माणूस जातो, विहीर बुजते. मागं उरलेलं नाव मात्र कुणीतरी विचारलं तरच जगतं. गूळ चघळत मी बाहेर आलो. घसरगुंडीपाशी ही लांब रांग उभी होती. तरुणपणी नाटकात कमावलेला आवाज लावून मी पुढच्या गृहस्थांना विचारलं, "अहो, ही भागीरथी कोण हो?"

सगळी रांग पाटीकडे वळली. दोघी बायका तर चौकशीला दुकानाकडे निघाल्याही.